शंका-समाधान : सर्व्हरवरचे फोल्डर उघडत नाही तेव्हा

सर्व्हरवर ठेवलेले सामायिक फोल्डर उघडत नाही, अशा तक्रारींची पत्रे या वेळी इतकी आली की संपूर्ण सदर त्यांनाच द्यावे असे ठरवले. पत्रे वाचताना एक गोष्ट मनाला लागून राहिली. जवळजवळ प्रत्येक पत्रात ‘शेवटी फायरवॉल बंद केली’ किंवा ‘शेवटी सगळ्यांना फुल कंट्रोल दिला’ अशा अर्थाचे एक वाक्य आहे. (फायरवॉल म्हणजे नेटवर्कवरून येणाऱ्या नको त्या जोडण्या अडवणारी यंत्रणा.) काम कुठे अडले आहे हे न शोधता घराची सगळी दारे सताड उघडी टाकण्याची ही रीत मला अत्यंत धोक्याची वाटते. म्हणून खालील उत्तरांत उपायाआधी निदानाला अधिक जागा दिली आहे. आज्ञा आणि सेटिंगची नावे येथे देवनागरीत छापली आहेत. संगणकावर ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करावी लागतील.

प्रश्न : आमची सांगली जिल्ह्यातील एक लहान पतसंस्था आहे. तळमजल्यावर विंडोजचा सर्व्हर आणि चार संगणक आहेत. दोन महिन्यांपूर्वी वरच्या मजल्यावर कर्ज विभागासाठी आणखी दोन संगणक आणि एक नवा वाय-फाय राउटर बसवला. त्या दोन संगणकांवर सर्व्हरचे नाव टाकले की ‘नेटवर्क पाथ वॉज नॉट फाउंड’ असा संदेश येतो. दुरुस्तीसाठी आलेल्या तंत्रज्ञाने आधी सर्व्हरची फायरवॉल बंद केली, मग नावाऐवजी आयपी पत्ता घालून शॉर्टकट करून दिले आणि काम सुरू झाले. गेल्या आठवड्यात वीज जाऊन आल्यावर तेही शॉर्टकट बंद पडले. खालचे चार संगणक मात्र व्यवस्थित चालतात. फायरवॉल अजून बंदच आहे. आता काय करावे? (पतसंस्थेतील लिपिक, सांगली जिल्हा)

उत्तर : आपल्या पत्रात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. त्या सुट्या केल्या की प्रत्येकीचा उपाय सोपा आहे.

सामायिक फोल्डर उघडताना संगणकाला चार टप्पे ओलांडावे लागतात. सर्व्हरपर्यंत वाट असावी लागते; सर्व्हरच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरील आकडी पत्ता, सापडावा लागतो; सर्व्हरने युझर नेम आणि पासवर्ड पाहून आपल्याला ओळखावे लागते; आणि ओळख पटल्यावर त्या फोल्डरची परमिशन आपल्याला असावी लागते. ‘नेटवर्क पाथ वॉज नॉट फाउंड’ हा संदेश पहिल्या दोन टप्प्यांवर येतो, पासवर्ड चुकल्याचा संदेश तिसऱ्यावर आणि ‘ॲक्सेस डिनाइड’ हा चौथ्यावर. त्यामुळे पडद्यावरचा संदेश शब्दशः उतरवून घेणे हे निम्मे निदान असते. तपशील उघडल्यावर आपल्याला ८००७००३५ असा क्रमांकही दिसला असेल. त्यातले शेवटचे ३५ हे सोळाच्या पायावरील संख्यालेखन असून आपल्या दशमान पद्धतीत त्याचे ५३ होतात. कमांड विंडोत हीच त्रुटी ‘५३’ या क्रमांकाने दिसते. हा क्रमांक दिसत असेल तर परमिशनच्या खिडकीकडे वळण्याचे कारणच नाही.

आता वरच्या मजल्यावरील एका संगणकावर कमांड विंडो उघडून ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा द्यावी, तीच आज्ञा सर्व्हरवरही द्यावी आणि दोन्ही पत्ते कागदावर एकाखाली एक लिहावेत. माझा अंदाज असा आहे की सर्व्हरचा पत्ता १९२.१६८.१ ने सुरू होत असेल आणि वरच्या संगणकाचा १९२.१६८.० ने. (पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर संगणकाला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही असे समजावे आणि आधी केबल तपासावी.) टिंबांनी वेगळ्या केलेल्या चार संख्यांपैकी पहिल्या तीन सारख्या नसतील, तर नव्या राउटरने वरच्या मजल्यावर स्वतःचे वेगळे नेटवर्क थाटले आहे. खालून वर नेलेली केबल त्या राउटरच्या ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ लिहिलेल्या पोर्टमध्ये खोचली की असे होते.

लहान कार्यालयात डोमेन किंवा स्वतःची नावनोंदणी यंत्रणा नसते. तेथे संगणक नाव शोधतो तो आरोळी देऊन : ‘या नावाचा सर्व्हर कोण, त्याने उत्तर द्यावे.’ ही आरोळी त्याच नेटवर्कपुरती पोहोचते, राउटर ती पलीकडे जाऊ देत नाही. म्हणून वरून नावाने सर्व्हर सापडत नव्हता, आणि थेट आयपी पत्ता दिल्यावर मात्र राउटर वाट दाखवत असल्यामुळे फोल्डर उघडत होते. याचा अर्थ असा की फायरवॉल बंद करण्याचा आणि काम सुरू होण्याचा बहुधा काहीच संबंध नव्हता. दोन्ही गोष्टी एकाच दुपारी घडल्या, इतकेच.

उपाय असा. नव्या राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याला खालच्या नेटवर्कमधला, कोणाकडेही नसलेला एक पत्ता द्यावा, त्याची पत्ते वाटण्याची सेवा, म्हणजे डीएचसीपी, बंद करावी आणि मग खालून आलेली केबल ‘वॅन’ऐवजी ‘लॅन’ पोर्टमध्ये लावावी. काही राउटरमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ अशी तयार सोय असते. ती निवडल्यास हे सारे एकदमच होते. त्यानंतर वरचे संगणक खालच्यांच्याच नेटवर्कमध्ये येतील आणि नावाने सर्व्हर सापडेल.

वीज गेल्यावर शॉर्टकट बंद पडले, कारण सर्व्हरला राउटरकडून मिळणारा पत्ता बदलला. सर्व्हरचा पत्ता असा अधांतरी ठेवू नये. मुख्य राउटरमध्ये सर्व्हरसाठी पत्ता राखून ठेवण्याची सोय असते, ती वापरावी. किंवा राउटर ज्या मर्यादेत पत्ते वाटतो तिच्या बाहेरचा एक पत्ता सर्व्हरवर हाताने भरावा. मर्यादेच्या आतलाच पत्ता हाताने भरल्यास एखाद्या दिवशी तोच पत्ता दुसऱ्या संगणकाला मिळतो आणि दोघेही आळीपाळीने बंद पडू लागतात. असा बिघाड शोधायला फार कठीण जातो.

राहिली फायरवॉल. ती आजच सुरू करावी. ज्या यंत्रावर सभासदांच्या ठेवींचा आणि कर्जाचा हिशेब आहे, ते एक दिवसही असे उघडे राहू नये. सुरू करताना सर्व्हरवरील नेटवर्कचा प्रकार ‘पब्लिक’ नसून ‘प्रायव्हेट’ आहे याची खात्री करावी आणि ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ या नियमाला केवळ प्रायव्हेट नेटवर्कपुरती मुभा द्यावी. नवा राउटर किंवा नवे नेटवर्क कार्ड बसवल्यावर विंडोज पुष्कळदा त्या नेटवर्कला ‘पब्लिक’ समजते आणि शेअरिंग थांबवते, म्हणून ही नोंद पाहणे महत्त्वाचे आहे. त्यानंतर वरच्या संगणकावर पॉवरशेल उघडून ‘टेस्ट-नेटकनेक्शन’, पुढे सर्व्हरचे नाव, पुढे ‘-पोर्ट ४४५’ अशी आज्ञा द्यावी. फायलींची सारी देवाणघेवाण आज या ४४५ क्रमांकाच्या पोर्टवरून होते. उत्तरात शेवटच्या ओळीत ‘ट्रू’ आले, तर पहिले दोन टप्पे पार झाले. ‘पिंग’ला उत्तर न येणे हा मात्र पुरावा मानू नये, कारण विंडोजची फायरवॉल पिंगला अडवूनही फोल्डर मोकळे ठेवू शकते.

प्रश्न : नाशिकमध्ये आमचे सनदी लेखापालांचे कार्यालय आहे. सर्व ग्राहकांच्या फायली एका नॅस यंत्रावर, म्हणजे नेटवर्कला थेट जोडलेल्या साठवणुकीच्या यंत्रावर, आहेत आणि ते फोल्डर आजवर पासवर्डाशिवाय उघडत असे. नवे विंडोज ११ चे लॅपटॉप आणल्यावर ‘तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणानुसार अतिथी प्रवेश बंद आहे’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो. आम्ही असे कोणतेही धोरण ठरवलेले नाही. शिवाय स्कॅन केलेली कागदपत्रे थेट विंडोजवरील फोल्डरमध्ये टाकणारे आमचे जुने कॉपियर यंत्रही नव्या संगणकावर काही पाठवू शकत नाही. रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंगच्या नोंदवहीत) एक बदल केला की दोन्ही कामे होतील असे सांगण्यात आले आहे. तो करावा का?

उत्तर : करू नये. ‘तुमची संस्था’ हे शब्द गोंधळात टाकणारे आहेत हे खरे. ते धोरण आपण ठरवलेले नसून विंडोजसोबतच आलेले आहे. विंडोज ११ च्या २०२४ साली आलेल्या २४एच२ या आवृत्तीपासून प्रोफेशनल प्रकारच्या विंडोजमध्ये दोन गोष्टी मुळातच लागू झाल्या. पहिली अशी की सर्व्हरने ओळख न पटवता ‘अतिथी’ म्हणून आत घ्यायचे ठरवले, तर विंडोज स्वतःच ती जोडणी नाकारते. दुसरी अशी की सर्व्हरशी होणाऱ्या प्रत्येक निरोपावर डिजिटल सही असावीच लागते, म्हणजे वाटेत कोणी मजकूर बदलला तर तो पकडला जातो. ही सही पासवर्डापासून तयार झालेल्या किल्लीने होते. अतिथीला पासवर्ड नसतो, म्हणून किल्ली नसते आणि म्हणून सहीही नसते. हा मेळ रजिस्ट्रीत बदल करून बसवायचा म्हणजे संरक्षण काढून टाकायचे.

आपल्या नॅसच्या व्यवस्थापन पानावर जाऊन कार्यालयातील प्रत्येकासाठी स्वतंत्र युझर नेम आणि पासवर्ड तयार करावा, अतिथी प्रवेश बंद करावा आणि फोल्डरची परमिशन त्या-त्या व्यक्तीला द्यावी. मग लॅपटॉपवर पहिल्यांदा फोल्डर उघडताना ती माहिती भरून ‘लक्षात ठेवा’ या चौकोनावर खूण करावी, म्हणजे रोज विचारणा होणार नाही. ग्राहकांची विवरणपत्रे, पॅन क्रमांक आणि बँकेचे तपशील ज्या यंत्रावर आहेत ते इतकी वर्षे पासवर्डाशिवाय उघडे होते, हीच आपल्या पत्रातील मला सर्वांत काळजीची वाटलेली बाब आहे. कार्यालयाचा वाय-फाय पासवर्ड ज्याला माहीत होता, अशा प्रत्येकाला ते फोल्डर उघडता येत होते.

कॉपियरचे दुखणे निराळे आहे. फाइल शेअरिंगची जी भाषा ही यंत्रे बोलतात ती, म्हणजे एसएमबी, १९८३ साली आयबीएममध्ये जन्माला आली. तिची पहिली आवृत्ती आज सुरक्षित मानली जात नाही. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला आणि ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांचे कामकाजही त्याने विस्कळीत केले, तो विंडोजमधील याच पहिल्या आवृत्तीच्या एका दोषातून. त्या दोषावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्च २०१७ मध्येच दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती त्यांना झळ पोहोचली. त्याच वर्षाच्या शेवटापासून नव्याने बसवलेल्या विंडोजवर बाहेरून येणाऱ्यांसाठी ही पहिली आवृत्ती चालू नसते, आणि आपल्या कॉपियरला नेमकी तीच तेवढी येत असावी. यंत्राच्या उत्पादकाने नवे फर्मवेअर दिले असल्यास ते बसवावे. तसे नसेल तर स्कॅन ई-मेलने किंवा एफटीपीने पाठवण्याची सोय बहुतेक कॉपियरमध्ये असते, ती वापरावी. मात्र एफटीपी केवळ कार्यालयातल्या कार्यालयात आणि फक्त स्कॅनपुरत्या वेगळ्या फोल्डरसाठी ठेवावी. एका कॉपियरसाठी संगणकावर जुनी आवृत्ती पुन्हा चालू करणे मला मान्य नाही.

प्रश्न : घरातील दोन संगणकांपैकी एकाचे फोल्डर दुसऱ्यावर उघडताना पासवर्ड विचारला जातो. रोज संगणक सुरू करताना देतो तोच क्रमांक देऊनही तो चुकीचा ठरतो. (निवृत्त बँक अधिकारी, डोंबिवली)

उत्तर : आपण रोज जो चार किंवा सहा आकडी क्रमांक देता तो पिन आहे. पिन फक्त त्याच संगणकावर चालतो; नेटवर्कवरून येणाऱ्याला खात्याचा खरा पासवर्डच द्यावा लागतो. मायक्रोसॉफ्ट खाते वापरत असाल तर युझर नेमच्या जागी संपूर्ण ई-मेल पत्ता आणि त्या खात्याचा पासवर्ड द्यावा. खात्याला पासवर्डच ठेवलेला नसेल तरीही प्रवेश मिळणार नाही, कारण कोऱ्या पासवर्डाच्या खात्याला विंडोज केवळ समोर बसून वापरण्याची मुभा देते. आधी चुकीची माहिती जतन झाली असल्यास ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मधून ती नोंद काढून टाकावी, अन्यथा संगणक न विचारता पुन्हा तीच पाठवत राहतो.

प्रश्न : मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. शाळेच्या लिनक्स सर्व्हरवर सांबा (लिनक्सवरील फोल्डर विंडोजच्या संगणकांना उघडून देणारे सॉफ्टवेअर) बसवून आम्ही शिक्षकांसाठी एक सामायिक फोल्डर केले आहे. एका शिक्षकाने तयार केलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्याला उघडता येते, पण तिच्यात बदल जतन होत नाहीत. कोणीतरी सुचवल्यावरून सर्व फायलींना ७७७ परमिशन दिली. त्या दिवशी सारे सुरळीत झाले, पण दुसऱ्या दिवसापासून तीच अडचण हळूहळू परत आली.

उत्तर : ‘हळूहळू परत आली’ या आपल्या शब्दांतच निदान आहे, आणि इतके नेमके निरीक्षण लिहून पाठवल्याबद्दल मी आपला आभारी आहे.

लिनक्समध्ये परमिशनचे तीन अंक असतात : पहिला फाइलच्या मालकासाठी, दुसरा त्याच्या गटासाठी, तिसरा इतरांसाठी. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ आणि चालवण्याचे १, अशी बेरीज करून प्रत्येक अंक तयार होतो. सांबाला वेगळे काही सांगितले नसेल, तर तो नव्या फाइलला जास्तीत जास्त ७४४ इतकीच परमिशन मिळू देतो. म्हणजे मालकाला सर्व काही, आणि गटाला व इतरांना केवळ ४, म्हणजे वाचन. आपली तक्रार शब्दशः हीच आहे.

मग ७७७ केल्यावर एक दिवस का चालले? कारण त्या आज्ञेने त्या क्षणी अस्तित्वात असलेल्या फायली बदलल्या; पुढे तयार होणाऱ्या फायलींना ती लागू नव्हती. जुन्या फायलीही पुन्हा अडू लागल्या, कारण वर्डसारखे प्रोग्रॅम बदल जतन करताना मूळ फाइलवरच लिहीत नाहीत. ते नव्या नावाने दुसरी फाइल लिहितात, जुनी काढून टाकतात आणि नवीला जुनीचे नाव देतात. आपल्याला ती जुनीच फाइल वाटते, पण सर्व्हरच्या दृष्टीने ती आत्ता जन्मलेली असते, तिचा मालक शेवटी जतन करणारा शिक्षक असतो आणि तिला पुन्हा ७४४ मिळालेले असते. रोज ज्या फायली वापरल्या गेल्या त्या एकेक करून अशा अडकत गेल्या.

खरा उपाय गटाचा आहे. सर्व शिक्षकांचा एक गट तयार करावा. सांबाच्या सेटिंगच्या फाइलमध्ये त्या फोल्डरच्या विभागात ‘फोर्स ग्रुप’ समोर त्या गटाचे नाव, ‘क्रिएट मास्क’ समोर ०६६० आणि ‘डिरेक्टरी मास्क’ समोर २७७० लिहावे. ‘व्हॅलिड युझर्स’ समोर ॲट चिन्ह लावून तेच गटाचे नाव द्यावे, म्हणजे गटाबाहेरील कोणी आत येणार नाही. त्यानंतर ‘टेस्टपार्म’ ही आज्ञा द्यावी. सेटिंगच्या फाइलमध्ये टाइप करताना काही चुकले असल्यास ती दाखवते. शेवटी आधीच्या फायलींचा गट बदलून त्यांना गटापुरती लेखनाची परमिशन द्यावी आणि इतरांची परमिशन पूर्ण काढून घ्यावी. हे शेवटचे काम टाळू नये. ७७७ दिलेल्या प्रश्नपत्रिका आज सर्व्हरवर खाते असलेल्या प्रत्येकाला वाचता येतात आणि बदलताही येतात. त्या सर्व्हरवर विद्यार्थ्यांचीही खाती असतील तर याचे गांभीर्य मी वेगळे सांगायला नको.

आणखी दोन ठिकाणी शाळांमध्ये वारंवार अडते. सांबाचा पासवर्ड लिनक्सच्या पासवर्डापेक्षा वेगळा ठेवला जातो, त्यामुळे नव्या शिक्षकाचे लिनक्स खाते उघडल्यावर ‘एसएमबीपासडब्ल्यूडी’ या आज्ञेने त्याला सांबातही दाखल करावे लागते. आणि सर्व्हर फेडोरा किंवा रेड हॅट घराण्यातील असेल, तर परमिशन अचूक असूनही एसईलिनक्स ही सुरक्षा यंत्रणा फोल्डर अडवते. अशा वेळी ती यंत्रणा बंद न करता त्या फोल्डरला सांबासाठी ठरलेले लेबल द्यावे.

विद्यार्थ्यांना सांगण्यासारखी एक गोष्ट जाता जाता. सांबा हे सॉफ्टवेअर अँड्र्यू ट्रिजेल यांनी ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे विद्यापीठात शिकत असताना लिहिण्यास घेतले आणि १९९२ च्या सुरुवातीला ते इतरांसाठी खुले केले. पुढे नाव बदलण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी ‘एसएमबी’मधील एस, एम आणि बी ही अक्षरे त्याच क्रमाने असलेले शब्द संगणकातील शब्दसूचीत शोधले. त्यांतून ‘सांबा’ हे नाव निघाले.

प्रश्न : लातूरमध्ये आमच्या शिकवणी वर्गात सव्वीस संगणक आहेत. एका साध्या विंडोज संगणकावर नोट्सचे फोल्डर शेअर केले आहे. रोज सकाळी ते चालते, पण वर्ग भरला की काहींना ‘आणखी जोडण्या करता येणार नाहीत’ असा संदेश येतो. तो संगणक रिस्टार्ट केला की थोडा वेळ बरे चालते.

उत्तर : हा बिघाड नाही, परवान्याची मर्यादा आहे. विंडोज १० आणि ११ च्या साध्या आवृत्त्यांशी एका वेळी २० यंत्रेच जोडता येतात. एकविसाव्याला नकार मिळतो. रिस्टार्ट केल्याने जुन्या जोडण्या तुटतात, म्हणून तात्पुरती जागा होते. विंडोजची सर्व्हर आवृत्ती आणि तिला लागणारे परवाने घ्यावेत, किंवा एखादा जुना पण सुस्थितीतील संगणक लिनक्स व सांबा बसवून या कामाला द्यावा, त्याला अशी मर्यादा नाही. आपल्या गरजेसाठी दुसरा मार्ग पुरेसा आहे असे मला वाटते.

प्रश्न : आमचा कोल्हापुरात छापखाना आहे. डिझाइनच्या मोठ्या फायली सर्व्हरवर असतात. एका संगणकावर त्या उतरवायला बाकीच्यांच्या दहापट वेळ लागतो. संगणक नवा आहे. हार्ड डिस्क बदलली, विंडोज नव्याने बसवले, तरीही फरक नाही.

उत्तर : ‘दहापट’ हा आपला अंदाज नेमका असेल, तर बहुधा केबल दोषी आहे. त्या संगणकावर एक मोठी फाइल कॉपी करताना दिसणारा वेग पाहावा. तो सेकंदाला ११ मेगाबाइटच्या आसपास अडकून राहत असेल, तर जोडणी गिगाबिटऐवजी १०० मेगाबिटवर चालली आहे. गिगाबिट जोडणीत हाच वेग ११० च्या आसपास जातो. २० गिगाबाइटच्या कामाला तीन मिनिटांऐवजी अर्धा तास लागतो, तो यामुळे. नेटवर्क कार्डच्या ‘स्टेटस’ खिडकीतही हा जोडणीचा वेग लिहिलेला असतो.

नेटवर्कच्या केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १०० मेगाबिटला त्यांतील दोनच जोड्या पुरतात, नेहमीच्या रंगक्रमात नारिंगी आणि हिरवी. गिगाबिटला चारही लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतील एखादी तार तुटली, तर बहुतेक कार्डे तक्रार न करता १०० वर उतरतात आणि काम चालू राहते, म्हणून कोणाला संशय येत नाही. एका कार्यालयात मी असाच दोष शोधताना दोन दिवस सॉफ्टवेअरमध्ये घालवले होते. शेवटी कपाट पुढे ओढून केबलचे टोक उजेडात धरले. प्लगच्या पारदर्शक प्लॅस्टिकमधून सात तारांची टोके सोनेरी पट्ट्यांखाली अगदी कडेपर्यंत गेलेली दिसत होती आणि आठवी, तपकिरी, दोन मिलिमीटर अलीकडेच थांबली होती. क्रिंपिंग करताना ती आखूड कापली गेली होती. नवा प्लग बसवायला पाच मिनिटे लागली. तेव्हापासून वेगाच्या तक्रारीत मी सर्वांत आधी चालणाऱ्या संगणकाची केबल न चालणाऱ्याला लावून पाहतो. आपणही तेच करावे.

मात्र एकच मोठी फाइल भरभर उतरत असेल आणि हजारो लहान फायलींचे फोल्डरच तेवढे रखडत असेल, तर केबलला दोष देऊ नये. प्रत्येक लहान फाइलसाठी उघडणे, परमिशन तपासणे आणि बंद करणे असे निरोप सर्व्हरशी होतात आणि वेळ त्यांत जातो. असे फोल्डर झिप करून एकत्र हलवणे उत्तम.

प्रश्न : आम्ही पुण्यात पुस्तकांच्या अक्षरजुळणीचे काम करतो. फायलींना युनिकोड मराठीत नावे देतो. विंडोजच्या संगणकावरून लिनक्सवर चालणाऱ्या नॅसवर कॉपी करताना काही फायली ‘नाव फार लांब आहे’ म्हणून नाकारल्या जातात, जरी तेवढ्याच लांबीची इंग्रजी नावे चालतात. शिवाय एकाच नावाच्या दोन फायली एकाच फोल्डरमध्ये दिसतात, हे कसे शक्य आहे?

उत्तर : हा प्रश्न मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचा आहे आणि इंग्रजी मार्गदर्शिकांत त्याचे उत्तर सहसा सापडत नाही, म्हणून पत्र वाचून विशेष आनंद झाला.

विंडोज नावाची लांबी चिन्हांत मोजते आणि २५५ पर्यंत चालवून घेते. लिनक्सच्या प्रचलित फाइल व्यवस्था मात्र ती बाइटमध्ये मोजतात आणि तेथेही मर्यादा २५५ च आहे. रोमन अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरी अक्षराला तीन. आणि येथे अक्षर म्हणजे आपण वाचताना मोजतो ते नव्हे. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातील हलन्त हे प्रत्येक स्वतंत्र चिन्ह असते. ‘महाराष्ट्र’ हा शब्द वाचताना चार अक्षरांचा, पण संगणकाच्या लेखी दहा चिन्हांचा, म्हणजे ३० बाइटचा आहे. त्यामुळे मराठी नावाला प्रत्यक्षात ८५ चिन्हे मिळतात आणि पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकरण आणि ‘अंतिम दुरुस्त प्रत’ इतके लिहिले की ती संपतात. देवनागरी अंकांनाही तीनच बाइट लागतात. नावात तारीख घालायची तर रोमन अंकांत घालावी. जागा वाचते आणि सगळेच जण तसे करत असतील तर फायली तारखेनुसार क्रमानेही लागतात.

एकसारख्या दिसणाऱ्या दोन नावांचे कारण टंकलेखनात आहे. ‘दुसऱ्या’ मधील अर्धा र कोणी ‘ऱ’ ही कळ वापरून उमटवतो, तर कोणी साधा र, हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. ‘ॲ’ हे अक्षरही कोणी एका कळीने देतो, तर कोणी अ वर चंद्र चढवून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण सर्व्हर आकार पाहत नाही, तो बाइट पाहतो आणि ते निराळे असतात. मॅक वापरणारा कोणी सहकारी असेल तर ही शक्यता आणखी वाढते. अशा जोड्यांपैकी एकही फाइल केवळ नाव पाहून पुसू नये. दोन्ही उघडून, बदलाची वेळ पाहून, मजकूर ताडून मगच एक ठेवावी. पुढे कार्यालयात सर्वांनी एकच कीबोर्ड-मांडणी वापरण्याचे ठरवले तर हा त्रास जवळजवळ थांबतो.

प्रश्न : सर्व्हरवरील एक एक्सेल फाइल ‘अमुक व्यक्ती वापरत आहे’ असे सांगून फक्त वाचण्यापुरती उघडते. ती व्यक्ती तर कालपासून रजेवर आहे. (कार्यालय अधीक्षक, अमरावती)

उत्तर : त्या व्यक्तीचा लॅपटॉप फाइल बंद न करताच झाकण मिटून नेला गेला असेल किंवा मध्येच वाय-फाय तुटले असेल. सर्व्हरवर ‘कॉम्प्युटर मॅनेजमेंट’मध्ये ‘शेअर्ड फोल्डर्स’ आणि त्यात ‘ओपन फाइल्स’ उघडल्यास ती नोंद दिसेल. तिच्यावर उजवी कळ दाबून ती बंद करता येते. तेथे नोंद नसूनही संदेश येत असेल, तर त्याच फोल्डरमध्ये लाटचिन्ह आणि डॉलरचिन्ह यांनी सुरू होणारी त्याच नावाची एक लपलेली लहान फाइल मागे राहिली असेल, ती काढावी. पण दोन्हींच्या आधी त्या सहकाऱ्यांना फोन करून त्यांच्या लॅपटॉपवर ती फाइल अजून उघडी आहे का आणि काल केलेले काम जतन झाले होते का, एवढे विचारून घ्यावे. कारण सर्व्हरकडून नोंद बंद केली की त्यांच्याकडचे जतन न झालेले बदल त्या फाइलमध्ये येण्याची वाट उरत नाही.